घर पुन्हा घ्यावे, की भाड्यानेच राहावे?

प्रश्न : मी ४५ वर्षांची असून कोल्हापुरातील एका पतसंस्थेत नोकरी करते. हातात दरमहा ३४ हजार रुपये येतात. यजमानांचे शिवाजी उद्यमनगरात लहान वर्कशॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे मशिनिंग ते जॉबवर्कवर करून देतात. २०१८ मध्ये नवे मशिन घेताना राहता फ्लॅट तारण ठेवला होता. लॉकडाऊनमध्ये कामे थांबली, हप्ते थकले आणि २०२१ मध्ये फ्लॅट विकून सगळे कर्ज फेडावे लागले. तेव्हापासून आम्ही ११ हजार रुपये भाड्याने राहतो. आता बारा लाखांची ठेव जमली आहे. कळंबा रस्त्यावर बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ४२ लाखांचा फ्लॅट पाहिला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचमुळे दर वाढतच जाणार, आताच घ्या, असे दीर म्हणतात. यजमानांचे मात्र दोन महिने काम आणि तिसरा महिना कोरडा असे चालले आहे, शिवाय मुलगी बारावीला आहे. काय करावे?

उत्तर : ४२ लाखांचा हा फ्लॅट तुम्ही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गृहकर्ज तीस लाखांच्या वर गेले की बँकेला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांहून अधिक कर्ज देता येत नाही, म्हणजे तुम्हाला फार तर ३३ लाख ६० हजार मिळतील. उरलेले ८ लाख ४० हजार, साधारण सहा टक्के मुद्रांक शुल्क, ३० हजार नोंदणी शुल्क आणि एक टक्का जीएसटी यांची बेरीज साडेअकरा लाखांच्या पुढे जाते. ठेव तेथेच संपते आणि स्वयंपाकघराची ट्रॉली करायलाही पैसे उरत नाहीत. हप्त्याचे गणित याहून अवघड आहे. निवृत्तीपर्यंतची पंधरा वर्षे आणि साडेआठ टक्के व्याज धरले, तर दरमहा सुमारे ३३ हजार रुपये भरावे लागतील, म्हणजे तुमचा जवळजवळ सगळा पगार. त्यातही ताबा मिळेपर्यंत सध्याचे भाडे चालूच राहणार आहे.

दिरांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले आणि तेव्हापासून शहरातील भाड्यांची व दरांची चर्चा वाढली. परंतु राहत्या घराचा भाव वाढला म्हणून कोरड्या महिन्यातला हप्ता भरला जात नाही, आणि तुमच्यापुढचा खरा प्रश्न त्या कोरड्या महिन्याचा आहे.

तुमचे पत्र वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली. तुमचे पहिले घर गेले ते घराच्या कर्जामुळे नव्हे, तर मशिनच्या कर्जामुळे. म्हणून घर केव्हा घ्यायचे यापेक्षा ते धंद्यापासून अलग कसे ठेवायचे, याला मी अधिक महत्त्व देईन. नवे घर फक्त तुमच्या नावावर घ्या. महिलेच्या एकटीच्या नावावर निवासी घर घेतल्यास राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा असा की वर्कशॉपची देणी थेट त्या घरापर्यंत पोहोचत नाहीत. मात्र त्यासाठी यजमानांच्या कॅश क्रेडिटला (धंद्यासाठी बँक देते त्या खेळत्या कर्जाला) किंवा मशिनच्या कर्जाला तुम्ही जामीनदार म्हणून सही करता कामा नये आणि घराचे कागद पुन्हा तारण जाता कामा नयेत. यावरून घरात वाद होईल. तो घर घेण्याआधीच झालेला बरा.

तुमच्या आवाक्यातले घर २५-२६ लाखांचे, तयार आणि बहुधा जुने असेल. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास तयार असल्याचा दाखला, मिळालेल्या घरावर जीएसटी नसतो. स्वतःचे सहा लाख घालून वीस लाखांचे कर्ज काढले, तर पंधरा वर्षांसाठी हप्ता १९ हजार ७०० च्या आसपास येतो आणि शुल्के भरूनही ठेवीतले चार लाख हाती राहतात. त्या चार लाखांना फर्निचरसाठी हात लावू नका. व्याजदर तरता, म्हणजे बदलता असतो, हेही लक्षात घ्या : मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला होता. तुमच्या कर्जाचा दर दोन टक्क्यांनी वाढला, तर हप्ता २२ हजारांवर जाईल.

आधी वर्षभर या हप्त्याची तालीम करा. भाड्याशिवाय दरमहा नऊ हजार रुपये तुमच्या पगारातून आवर्त ठेवीत भरा आणि ती रक्कम यजमानांच्या कोरड्या महिन्यांतही खंड न पडता भरता येते का, ते पाहा. तोवर मुलीच्या प्रवेशाचा खर्चही कळेल. दरम्यान सिबिलचा, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींचा अहवाल मागवा. वर्षातून एकदा तो विनामूल्य मिळतो. जुने कर्ज पूर्ण फेडलेले असूनही त्यावर ‘सेटल्ड’ (पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवले) असा शेरा असेल, तर बँकेकडून तो आताच दुरुस्त करून घ्या.

जुना फ्लॅट स्वस्त मिळतो तेव्हा कोल्हापुरात एक चौकशी टाळता येत नाही. शाहूपुरी, व्यापारी पेठ, दुधाळी, रमणमळा या भागांत २०१९ व २०२१ मध्ये पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, हे मालकाला नव्हे, तळमजल्यावरच्या भाडेकरूला विचारा. महापालिकेच्या नगररचना विभागात निळ्या (नेहमीच्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या महापुराच्या) पूररेषेचा नकाशा पाहा. घर वरच्या मजल्यावर असले तरी मीटर, पाण्याची मोटर आणि दुचाकी खालीच असतात.

कळंबा रस्त्यावरच्या बिल्डरला बुकिंगची रक्कम दिली आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. दिली असल्यास यापुढे काहीही देऊ नका. घर खरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. पावती आणि अर्ज घेऊन, बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम कापली जाईल, हे त्यांच्याकडून लेखी मागून घ्या.