हिवाळी गहू उशिरा पेरला तर उत्पादन घटतं का?

हो, हिवाळी गव्हाचं (म्हणजे थंड प्रदेशात थंडीआधी पेरलेल्या आणि हिवाळा शेतात काढणाऱ्या गव्हाचं) उत्पादन बहुतेक वेळा घटतं, आणि मुख्य कारण म्हणजे थंडीआधी फुटवे (बुंध्यातून निघणाऱ्या जास्तीच्या काड्या) कमी येतात. गव्हाला एक नवं पान काढायला साधारण 100 अंश-दिवस (रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज) उष्णता लागते. सरासरी तापमान 10 अंश असेल तर दर दहा दिवसांनी पान येतं, 5 अंशांवर त्यालाच वीस दिवस लागतात. तीन-चार पानं झाल्याशिवाय फुटवा सुरू होत नाही, त्यामुळे उशिराचं रोप एका काडीवर आणि उथळ मुळांवर हिवाळ्यात शिरतं. पुढे ओंब्या कमी, शिवाय दाणा भरण्याचा काळ उन्हाच्या तडाख्यात सापडतो आणि दाणा बारीक राहतो. (फुलोरा येण्यासाठी लागणारी थंडी मात्र उशिराच्या पिकालाही सहसा मिळते, त्याची काळजी नको.)

पण म्हणून फार लवकरही पेरू नका. पीक माजतं, जमिनीतली ओल आधीच संपवतं, आणि उबदार दिवसांत मावा ही कीड येऊन पिवळा खुजा रोग पसरवतो. उशीर झालाच असेल तर बियाण्याचं प्रमाण वाढवा. फुटव्यांची तूट त्याने बरीचशी भरून निघते, सगळी नाही.