वेगळं मशीन मागण्याआधी अ‍ॅडमिन पासवर्ड मागा

गावात एकच कॉम्प्युटर, डॉक्टरांच्या व्हिडिओ सल्ल्याच्या वेळीच दाखले-अर्जवाल्यांची झुंबड, म्हणून दवाखान्यासाठी स्वतंत्र मशीन मागावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर नका मागू. आम्हाला तसं मिळालं होतं.

वरच्या एका कार्यालयाने ते 'फक्त रुग्णांसाठी' म्हणून सील करून पाठवलं. अ‍ॅडमिन पासवर्ड, म्हणजे मशीनच्या सेटिंग्ज बदलायची किल्ली, त्यांच्याकडेच. दाखले काढून देणारा मुलगा जुन्या मशीनची धूळ पुसायचा, यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर मशीन चालू ठेवणारा डबा) बंद पडला की बोंब मारायचा, कारण त्याचं पोट त्यावर होतं. या नव्याला हात लावायची त्याला मनाई. सल्ल्याचा दिवस सोडला तर ते बंदच.

मग मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला. यूपीएस आधीच मेलेला, त्यामुळे वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे. तारीख चुकली की ब्राउझरला साइटचं सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा डिजिटल पुरावा) खोटं वाटतं आणि सल्ल्याचं पोर्टल उघडत नाही. तारीख बदलायला अ‍ॅडमिन लागतो. कार्यालयाचं दुरून दुरुस्ती करायचं सॉफ्टवेअरही त्याच सर्टिफिकेटपाशी अडलेलं. त्यांचं म्हणणं काय, तर मशीन ऑनलाइन दिसलं की बघू! अहो, तीच तर तक्रार आहे. सेल बदलणं पाच मिनिटांचं काम, पण सील तोडलं तर वॉरंटी जाणार, म्हणून कुणी पुढे होईना. इकडे बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला माणसं पदरचं भाडं भरून तालुक्याला जात होती. आणि कार्यालयाच्या अहवालात केंद्र 'कार्यरत'!

म्हणून आहे त्याच कॉम्प्युटरवर दवाखान्याचं वेगळं, पासवर्डवालं खातं उघडा आणि गावातल्या एका जबाबदार माणसाकडे अ‍ॅडमिन अधिकार असतील हे लेखी घ्या. ब्राउझरला पासवर्ड लक्षात ठेवू देऊ नका. डाउनलोड्समध्ये साठलेल्या प्रिस्क्रिप्शनच्या पीडीएफ रोज उडवा. गुप्तता बहुतेक वेळा तिथेच फुटते. (कायद्याचं नेमकं मला विचारू नका, तुमच्याकडचे नियम बघा.)

दुसरं, थेट व्हिडिओचा हट्ट सोडा. स्विनफेन ट्रस्ट या ब्रिटिश धर्मादाय संस्थेने १९९९ साली बांगलादेशातल्या एका रुग्णालयाला परदेशी तज्ज्ञांशी जोडलं ते डिजिटल कॅमेरा आणि ईमेलवर. त्वचारोग, जुनी जखम, एक्स-रे यांना फोटो आणि नीट लिहिलेली माहिती पुष्कळदा पुरते, आणि ती गर्दी नसताना कधीही पाठवता येते. फोटो दिवसाउजेडी काढा, जखमेशेजारी मोजपट्टी ठेवा. मी डॉक्टर नाही, त्यामुळे काय फोटोवर चालेल हे तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. छातीत दुखणं, धाप लागणं असलं काही असेल तर मात्र कॉम्प्युटर चालू करत बसू नका, गाडी बघा.

इंटरनेटच्या नावाने सगळे चिडतात, पण खरा त्रास विजेचा. तमिळनाडूत थेनी भागात अरविंद नेत्र रुग्णालयाची दृष्टी केंद्रं लांब पल्ल्याच्या वायफायने जोडलेली होती, तिथेही खराब विजेने उपकरणं बिघडायची. तुमचा प्रिंटर लेझर आहे का? तो एकदम खूप वीज ओढतो आणि यूपीएसवर ताण येतो, म्हणून यूपीएसवर लावला असला तर आजच काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा.