मराठी लावून येत नाही

अमेरिकेतल्या एडिसनहून सहा आठवड्यांसाठी नाशिकला, गंगापूर रोडवरच्या सासरी आलेल्या एका आईचे पत्र समोर आहे. मुलगा अडीच वर्षांचा आहे. पत्रात टीव्ही, झोप आणि आमरस अशा तक्रारी तीन आहेत, पण माझे बोट एकाच ठिकाणी अडले. त्या लिहितात, "तिकडे आम्ही त्याला उगाच टीव्ही दाखवत नाही, मराठीच लावतो, निदान भाषा तरी कानावर पडते. इथे मात्र आजी मालिका लावून घास भरवतात आणि साडेसातला आजोबांची आयपीएल सुरू झाली की घरात कुणी कुणाशी बोलत नाही."

तुमची तगमग मला कळते, पण सगळा राग सासू-सासऱ्यांवर काढू नका. तीच मॅच एडिसनमध्ये सकाळी दहाला लागते आणि तेव्हा रिमोट कुणाच्या हातात असतो, हे तुम्ही लिहिलेले नाही. मला खटकला तो तुमचा 'मराठीच लावतो' हा शब्दप्रयोग. दिवा लावावा, विरजण लावावे. मराठी अशी लावून येत नाही.

हे मी स्वतः ठेच खाऊन शिकले. आम्ही इंग्लंडात असताना माझा भाऊ नाशिकहून दूरदर्शनचे कार्यक्रम कॅसेटवर उतरवून पाठवत असे आणि त्या कॅसेट लावून मी निर्धास्तपणे स्वयंपाक करत असे. मुलगा तीन वर्षांचा असताना उन्हाळ्यात आम्ही पंचवटीला माहेरी आलो, तेव्हा त्याने दारातच माझ्या आईला हात जोडून "नमस्कार, आजच्या ठळक बातम्या" असे ऐकवले. सगळे हसले, मीही कौतुकाने हसले. पण दुपारी तहान लागली तेव्हा त्याला 'पाणी दे' एवढे म्हणता येईना, माठाकडे बोट दाखवून तो नुसता रडत राहिला. दुसऱ्या दिवशी आईने त्याच्या हाती काठी देऊन त्याला गच्चीत वाळवणाच्या राखणीला बसवले आणि स्वतः शेजारी कुरडया घालत त्याच्याशी अखंड बोलत राहिली. पंधरवड्याने तो जिन्यातून ओरडला, "आजी, कावला आला, काठी कुठंय?" ठळक बातम्यांत कावळा कधी आलाच नव्हता.

केवळ माझ्या घरचा दाखला पुरेसा वाटत नसेल, तर बाळे भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या बाळांशी प्रत्यक्ष माणसे चिनी भाषेत बोलली, खेळली, तेव्हा त्या भाषेतले ध्वनी बाळांना वेगळे ओळखता येऊ लागले. तोच मजकूर पडद्यावर पाहिलेल्या बाळांच्या पदरी मात्र काहीच पडले नाही. जागतिक आरोग्य संघटना दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्याचा वेळ दिवसाला फार तर एक तास सांगते, तो पाळाच. परंतु त्या तासात शेजारी बोलणारे कुणी आहे का, हे मी आधी विचारीन.

म्हणून मुलाचे जेवण सातलाच, टीव्ही बंद ठेवून उरका. मग त्याला आजोबांच्या मांडीवर दोन-तीन षटके बसू द्या आणि "कोण पळतंय? चेंडू कुठे गेला?" हे आजोबांना विचारायला सांगा. बंदी घातलीत तर रुसवे होतील. काम सोपवलेत तर सासरे खूश होतील. सासूबाईंनाही मालिकेऐवजी गच्ची द्या, मे महिन्यात नाशिकमध्ये तिथे कामाला तोटा नसतो.

झोपेचे वेळापत्रक आठवडाभरात रुळेल, सकाळी त्याला उन्हात फिरवा. आमरसाबद्दलची तुमची तक्रार मी वाचली आणि सोडून दिली.

परत गेल्यावर सकाळी आठला व्हिडिओ कॉल लावा. नाशिकला तेव्हा साडेपाच वाजलेले असतात, चहा झालेला असतो आणि मॅचला दोन तास अवकाश असतो. फक्त फोन त्याच्यापुढे टेकवून तुम्ही ओट्याकडे वळू नका.