आधी पोलरायझर तपास
डिस्पर्स रेड १ या लाल ॲझो-रंगाची फिल्म करून तिच्यात लेझरने रेणूंची दिशा ‘लिहिणं’ पहिल्यांदाच करतोयस ना? मग लेझरच्या पॉवरमागे लागू नकोस. सगळा खेळ दिशेचा आहे. ज्या रेणूचा अक्ष प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राला समांतर, तो प्रकाश शोषतो, ट्रान्सचा (सरळ आकाराचा) सिस (वाकलेला) होतो, परततो, आणि अशा दर फेरीत थोडा वळू शकतो. वळतावळता काटकोनात आला की शोषण जवळजवळ थांबतं. तिथेच मुक्काम ठोकतो. म्हणून लिहायला ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर, पण वाचायला रेणू फारसा शोषत नाहीत असा ६३३चा लाल हीलियम-निऑन लेझर, तोही मंद, आडव्या-उभ्या पोलरायझरांमध्ये (विद्युतक्षेत्राची एकच दिशा जाऊ देणारे फिल्टर), लिहिण्याची दिशा त्यांच्याशी ४५ अंशांत ठेवून. हिरव्यानेच वाचलंस तर मोजतामोजता नमुना बदलेल (मी आठवडाभर हाच मूर्खपणा केलाय). आणि फिल्म नीट वाळव. सॉल्व्हंट उरलं तर रेणू सैल राहतात, लिहिलेलं लवकर विरतं.