फुप्फुसाच्या आजाराने हृदयावर ताण येतो म्हणजे नेमकं काय होतं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना जुना सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होणारा फुप्फुसाचा आजार) आहे, धाप वाढून आयसीयूत ठेवावं लागलं, कागदावर ‘रेस्पिरेटरी फेल्युअर’, म्हणजे फुप्फुसांचं काम अपुरं पडणं, असं आलं. आता पाय सुजलेत आणि डॉक्टर म्हणतात हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आहे. अँजिओग्राफी नॉर्मल असताना हृदय बिघडलं कसं, हा तुमचा प्रश्न.

मी मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात छातीविकार विभागात डॉक्टर आहे. अँजिओग्राफीत दिसतात त्या हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या. त्या चांगल्या आहेत, हे उत्तमच. दुखणं आहे ते हृदयाकडून फुप्फुसात जाणाऱ्या वाहिन्यांत.

बाकी शरीरात ऑक्सिजन कमी पडला की रक्तवाहिन्या रुंदावतात. फुप्फुसात मात्र त्या आवळतात. ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या स्वीडिश शास्त्रज्ञांनी १९४६ साली मांजरांवरच्या प्रयोगात हे दाखवलं. यात शहाणपण आहे: ज्या कोपऱ्यात हवा नाही तिथे रक्त पाठवून उपयोग काय? पावसात अंधेरी सबवे तुंबला की गाड्या दुसरीकडे वळवतात, तसं रक्त हवेशीर भागाकडे वळतं. पण सीओपीडीत, किंवा जुन्या टीबीने फुप्फुसावर व्रण राहिलेल्या माणसात (आपल्या मुंबईत असे रुग्ण खूप), हवा सगळीकडेच कमी पडते. म्हणजे सगळेच सबवे एकदम बंद. त्यात बारीक केशवाहिन्याही नष्ट झालेल्या असतात, आणि ऑक्सिजन कमी म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवतं, त्याने रक्त दाट होतं.

हा सगळा भार हृदयाच्या उजव्या कप्प्यावर येतो. हा कप्पा हलक्या कामाचा. फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब १५ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. २०च्या वर गेला की तो वाढलेला मानतात. डाव्या कप्प्याची भिंत साधारण १ सेंटिमीटर जाड, उजव्याची त्याच्या निम्मीही नाही. वर्षानुवर्षं जोर लावून ती आधी जाड होते, मग कप्पा फुगतो. मागे रक्त तुंबतं: मानेच्या शिरा फुगतात, यकृत सुजतं, पाय जड होतात. नडगीवर अंगठा दाबून धरा, खड्डा उरतो का बघा. याला ‘कॉर पल्मोनेल’ म्हणतात. आजार अचानक बळावला की कार्बन डायऑक्साइडही साठतो, रक्त आम्लधर्मी होतं, वाहिन्या आणखी आवळतात आणि ठोके अनियमित होऊ शकतात. मनगटाच्या धमनीतून रक्त काढून त्यातले वायू आणि आम्लता बघतात, ती एबीजी तपासणी यासाठीच. पायांची सूज किडनी किंवा डाव्या हृदयामुळेही येते, म्हणून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झालेला नसेल तर करून घ्या.

आता उपचारांचं. लघवीच्या गोळीने सूज उतरते, पण मूळ तसंच राहतं. ज्यांचा ऑक्सिजन कायम फार कमी असतो त्यांना घरी दिवसातले किमान १५ तास ऑक्सिजन दिल्याने आयुष्य वाढतं, हे १९८०-८१मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत सिद्ध झालंय. माझ्या दृष्टीने अशा रुग्णाच्या हृदयाचंही ते मोठं औषध आहे, आणि लोक नेमकं तेच टाळतात. मशीनचा आवाज होतो, वीजबिल येतं, शेजारी काय म्हणतील, म्हणून फक्त धाप लागली की नळी लावतात. वडिलांना डॉक्टरांनी सांगितला असेल तर तास मोजून लावा. लांब नळी घेतली तर वन रूम किचनमध्ये मोरीपर्यंतही जाता येतं.

पण फ्लो, म्हणजे ऑक्सिजनचा प्रवाह, मनाने वाढवू नका. सीओपीडीत साधारण ८८ ते ९२ टक्के सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) हवं असतं. ९८ करायला गेलात तर कार्बन डायऑक्साइड वाढून माणूस गुंगीत जाऊ शकतो. झोपेच्या गोळ्या स्वतःहून कधीच देऊ नका, त्या श्वास मंदावतात. ऑक्सिजन सुरू असताना जवळ विडी, गॅसची शेगडी नको, देवघरातलं निरांजनही नको. आणि धूम्रपान सुरू असेल तर आधी ते थांबवा, फ्लूची लस दरवर्षी द्या.

सकाळी डोकं जड, दिवसा पेंग, बोलण्यात गोंधळ, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडणं, ओठ निळसर होणं, यातलं काहीही दिसलं तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघू नका; १०८ला फोन करा आणि जाताना एबीजी, इकोचे जुने कागद सोबत घ्या.