पॅशन, आर्डर, फर्व्हर, झील

'शब्दकोशात या चारही इंग्रजी शब्दांपुढे उत्कटता, आवेश असंच काहीतरी दिलंय, मग फरक काय?' असा प्रश्न आलाय. फरक आहे, आणि तो मुळाशी गेलं की दिसतो.

पॅशनच्या मुळाशी लॅटिनमधलं 'सोसणं' आहे. दवाखान्यातला 'पेशंट'ही त्याच कुळातला. म्हणून तर येशूने क्रुसावर भोगलेल्या यातनांना पॅशन म्हणतात. पॅशन फ्रूटचं नावही त्यावरूनच आलंय, शृंगाराचा तिथे काही संबंध नाही. त्या वेलाचं भावंड आपल्या कुंपणावर असतं: कृष्णकमळ. फुलातल्या तंतूंच्या कड्यात मिशनऱ्यांना काटेरी मुकुट दिसला, पाच पुंकेसरांत पाच जखमा, वरच्या तीन टोकांत तीन खिळे. आमच्या आजीने त्याच फुलात शंभर कौरव, पाच पांडव आणि ब्रह्मा-विष्णू-महेश मोजून दाखवले होते!

सोसण्याची ही छटा अजून पुरती गेलेली नाही. पॅशन आपण करत नाही, ती आपल्याला धरते. प्रेमाची असो, रागाची असो, माणूस तिच्या ताब्यात जातो. मराठीत 'वेड' किंवा 'ध्यास' जवळचे. बायोडेटात कुणी 'पॅशनेट अबाउट एक्सेल' लिहिलं की मला ते तीन खिळे आठवतात.

आर्डर (ऑर्डर नव्हे) म्हणजे मुळात जळणं. जाळपोळीचा 'आर्सन' तिथलाच. ही आतली आच, बहुधा प्रेमिकाची किंवा नव्या शिष्याची. फर्व्हर म्हणजे उकळणं, त्यामुळे तो वर येतो, दिसतो, ऐकू येतो. भक्ती आणि देशभक्ती यांच्याशी त्याची विशेष गट्टी. झील (तमाशात मागे धरतात ती नव्हे) ग्रीकमधून आली आणि 'जेलस' तिची सख्खी बहीण. तिला ध्येय लागतं आणि हातपाय हलवावे लागतात, म्हणून 'हिरिरी'. अति झाली की झेलट. पहिल्या शतकात रोमविरुद्ध उठलेल्या ज्यू गटाचं हे नाव, आज कट्टर माणसाला लावतात.

वारीतच बघा. रिंगणात माउलींचा अश्व धावतो तेव्हा गर्दीत उसळतो तो फर्व्हर. विरहिणीत कृष्णासाठी जीव जळतो तो आर्डर. आणि पहाटे तीनला उठून दिंडीच्या पाण्याच्या टँकरमागे धावणाऱ्या, अभंगाचा एक शब्दही कानावर न पडलेल्या माणसाकडे असते ती झील. त्याला 'उत्कट' म्हणून बघा, तो तुमच्याकडे बघतच राहील.