एम्डेनची पहिली आठवणफेरी काढताय? मग एवढं सांभाळा

एम्डेन या जर्मन युद्धनौकेने चेन्नईवर, म्हणजे तेव्हाच्या मद्रासवर, गोळे डागले त्याच्या आठवणीत २२ सप्टेंबरला फेरी काढायची म्हणता, हे तुमच्या पत्रात वाचून फार बरं वाटलं. जरूर काढा.

पहिल्या वर्षी एकच जागा धरा: हायकोर्टाच्या पूर्वेकडची भिंत, जिथे गोळा पडल्याची पाटी आहे. बंदर, तेलाच्या टाक्या, संग्रहालय सगळं एका संध्याकाळी दाखवायला जाल तर लोक अर्ध्यात गळतात. माझ्या पहिल्या फेरीत चाळीस जण निघाले, शेवटी सात उरले.

पाटीपाशी उभं राहून थोडक्यात सांगा. १९१४ साली त्या रात्री साडेनवाच्या सुमारास कॅप्टन फॉन म्युलरच्या एम्डेनने अंधारातून गोळे डागले. अर्ध्या तासात शंभरावर गोळे! बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्या पेटल्या, बंदरातल्या व्यापारी जहाजावरची माणसं मेली. त्या मेलेल्यांसाठी मिनिटभर शांत उभे राहा. नवखे नेमकं हेच विसरतात आणि सगळा वेळ कॅप्टनच्या धाडसावर घालवतात.

दुसरी चूक दंतकथांची. जर्मनीत राहिलेले भारतीय क्रांतिकारक चंपकरामन पिल्लै एम्डेनवर होते, असं कुणीतरी हमखास सांगेल. पुरावा नाही, तेव्हा ते इतिहास म्हणून सांगू नका. मात्र म्हाताऱ्यांना बोलू द्या. या जहाजावरूनच तमिळमध्ये ‘एम्डन’ म्हणजे बिलंदर माणूस, असा शब्द रूढ झाला. हा शब्द घरात कोण कुणाला म्हणायचं, एवढंच विचारा. गप्पा आपोआप रंगतात.

पोलिसांना आधी लेखी कळवा, पावसासाठी छत्र्या आणा. कागदपत्रं, नकाशे पुढच्या वर्षी बघू.